जळवांची नावे आणि जळवांचे कुळ

'जळू' हा मराठीतील अत्यंत परिचित शब्द होय. सह्याद्रीच्या दाट रानातून पावसाळ्यात चालणाऱ्या वाटसरूच्या पायाला ती लागते, तळ्यात उतरलेल्या गुराढोरांच्या अंगाला ती चिकटते आणि जुन्या वैद्यांच्या हातून ती सुजलेल्या जागी लावली जाते. या तिन्ही ठिकाणच्या प्राण्यांना भाषा एकच नाव देते. व्यवहारास तेवढे पुरेसेही आहे. परंतु रानातील जळू, तळ्यातील जळू आणि वैद्याची जळू या एकमेकींच्या कोण लागतात, असा प्रश्न विचारला की ते एक नाव अपुरे पडते. जगात आजवर जळवांच्या सुमारे ७०० जातींचे वर्णन झालेले आहे. त्यांपैकी बहुसंख्य गोड्या पाण्यात, सुमारे १०० समुद्रात आणि उरलेल्या जमिनीवर राहतात. आणि पुष्कळ जाती रक्ताच्या वाटेला जातही नाहीत.

एवढ्या मोठ्या समूहाची वर्गवारी तीन तत्त्वांनी करता येते. प्राण्याचा माणसाला काय उपयोग अथवा उपद्रव होतो हे पाहून गट पाडणे, हे पहिले तत्त्व. त्याचे रंगरूप व अवयव पाहून गट पाडणे, हे दुसरे. तो कोणत्या पूर्वजापासून उत्पन्न झाला हे शोधून गट पाडणे, हे तिसरे. या तीन वर्गवाऱ्या एकमेकींशी जुळतातच असे नाही. त्या जुळत नसताना जुळतात असे मानून चालल्यास केवळ विद्वत्तेचेच नव्हे तर औषधोपचाराचे आणि प्राणिरक्षणाचेही नुकसान होते, हे जळवांच्या इतिहासावरून फार स्पष्टपणे दिसून येते. त्या इतिहासाची रूपरेषा देणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

१. शब्दाची साक्ष

संस्कृतात या प्राण्याला जलूका, जलौका, जलायुका, जलौकस् अशी अनेक नावे आहेत. मराठी 'जळू' हे 'जलूका' या रूपापासून प्राकृताच्या द्वारा आलेले आहे. सुश्रुतसंहितेत या नावांची व्युत्पत्ती दिलेली असून, पाणी हेच यांचे आयुष्य म्हणून 'जलायुका' आणि पाणी हेच यांचे घर म्हणून 'जलौकस्', असा तिचा आशय आहे. व्युत्पत्ती सुबोध आहे. म्हणूनच ती थोडी संशयास्पदही आहे. एकाच शब्दाची चार रूपे आढळावी आणि प्रत्येकाचा विग्रह निराळा करावा लागावा, ही गोष्ट सामान्यतः मूळ अर्थ विसरला गेल्याचे चिन्ह असते. शिवाय बृहदारण्यकोपनिषदात 'तृणजलायुका' असा शब्द येतो. गवताच्या टोकाशी जाऊन पुढच्या आधाराला धरणारा व मग मागचे शरीर ओढून घेणारा हा प्राणी जळू की सुरवंट, याविषयी भाषांतरकारांत एकमत नाही. तथापि त्याचे स्थान गवतावर आहे, पाण्यात नाही, एवढे निश्चित.

फारसीत जळूला 'जालू' म्हणतात. त्या भाषेत 'जल' हा शब्द पाणी या अर्थी नाही. प्राचीन आयरिश भाषेत व वेल्शमध्येही जळूला 'गेल' असे नाव आढळते. हे सर्व शब्द 'गिळणे' या अर्थाच्या एका मूळ धातूपासून निघाले असावेत, असे मत काही व्युत्पत्तिकारांनी मांडलेले आहे. ते ग्राह्य मानल्यास जळू ही मुळात 'पाण्यातली' नसून 'गिळणारी' ठरते, आणि पाण्याशी तिचा संबंध भाषकांनी मागाहून, ध्वनिसाम्यावरून जोडला असे म्हणावे लागते.

असा प्रकार अन्यत्रही घडलेला आहे. जुन्या इंग्रजीत 'लीच' या शब्दाचे वैद्य आणि जळू असे दोन अर्थ होते. मुळात हे दोन निराळे शब्द असावेत, परंतु वैद्य जळवा लावीत असल्यामुळे लोकांच्या मनात ते एक झाले, असे त्या भाषेचे कोशकार मानतात. लॅटिनमध्ये जळूला 'हिरुडो' हे जुने नाव होते. पहिल्या शतकात प्लिनीने अशी नोंद केली आहे की, लोक आता तिला 'सांग्विसुगा', म्हणजे रक्त शोषणारी, असे म्हणू लागले आहेत. जुन्या अपारदर्शक नावाच्या जागी अर्थ सांगणारे नवे नाव येणे, ही भाषेची नित्याची रीत आहे. मात्र असे नाव प्राण्याविषयी जे सांगते ते माणसाच्या अनुभवापुरते असते. याच 'सांग्विसुगा' शब्दाने पुढे प्राणिशास्त्रात कसा घोटाळा केला, ते यथाक्रम दिसेल.

२. उपयोगावरून वर्गवारी

जळवांचे जे सविस्तर वर्गीकरण प्राचीन ग्रंथांत आढळते, त्यात सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील तेराव्या अध्यायाचे स्थान मोठे आहे. तेथे जळवांचे बारा प्रकार सांगितले आहेत. कृष्णा, कर्बुरा, अलगर्दा, इंद्रायुधा, सामुद्रिका व गोचंदना या सहा सविष. आणि कपिला, पिंगला, शंकुमुखी, मूषिका, पुंडरीकमुखी व सावरिका या सहा निर्विष. प्रत्येकीचे लक्षण दिलेले आहे. कृष्णा काजळासारख्या वर्णाची व रुंद डोक्याची, इंद्रायुधेच्या अंगावर इंद्रधनुष्यासारख्या रेषा, मूषिकेचा आकार व रंग उंदरासारखा, शंकुमुखी यकृताच्या रंगाची व झटपट रक्त पिणारी, तर सावरिका अठरा अंगुळे लांब असून ती पशूंच्या उपचारासाठी योजावी, असे सांगितले आहे. या जळवा जेथे आढळतात त्या प्रदेशांच्या यादीत यवन, पांड्य व पौतन यांच्याबरोबर सह्य प्रदेशाचाही निर्देश आहे, ही गोष्ट महाराष्ट्रीय वाचकांना लक्षणीय वाटेल.

या वर्णनांतील निरीक्षण सूक्ष्म आहे. परंतु गट पाडण्याचे तत्त्व रूप हे नव्हे, तर परिणाम हे आहे. जिच्या दंशाने सूज, खाज, दाह वा मूर्च्छा येते ती सविष. जिच्या दंशाने तसे होत नाही ती निर्विष. सडलेल्या मासे-बेडकांच्या घाण पाण्यातील जळवा टाळाव्या आणि कमळे असलेल्या स्वच्छ पाण्यातील घ्याव्या, या उपदेशामागेही तीच दृष्टी आहे. वैद्याला जे जाणून घेणे आवश्यक होते ते या वर्गवारीने त्याला नेमके सांगितले. ती जळवांच्या वंशाची वर्गवारी नव्हती व तसा तिचा दावाही नव्हता. अलगर्दा ही केसाळ असल्याचे सांगितले आहे. कोणत्याही जळूच्या अंगावर केस नसतात. 'अलगर्द' हे अमरकोशात पाणसापाचे नाव आहे. तेव्हा या यादीत खऱ्या जळवांखेरीज पाण्यातील अन्य जीवही समाविष्ट झाले असण्याचा संभव आहे. म्हणून या बारा नावांपुढे आधुनिक शास्त्रातील बारा नावे लिहून ठेवण्याचा मोह आवरणे इष्ट होय.

३. जळू कोणाला म्हणावे

आधुनिक प्राणिशास्त्रात जळवांचा अंतर्भाव वलयी प्राण्यांच्या संघात होतो. गांडूळ हे याच संघातील असून जळूचे ते जवळचे नातलग आहे. दोघेही उभयलिंगी असतात. दोघांच्याही शरीराच्या पुढील भागात पट्ट्यासारखी एक जाड जागा असते व तिच्या स्रावापासून अंड्यांचा कोश तयार होतो. परंतु गांडुळाच्या खंडांची संख्या जातीनुसार व वयानुसार बदलते, तर जळूच्या खंडांची संख्या ठरलेली असते. बाहेरून दिसणाऱ्या बारीक वळ्या फसव्या असतात, कारण एकेका खंडावर अशा अनेक वळ्या असतात. खंडांची खरी मोजदाद मज्जातंतूंच्या गाठींवरून करतात. युरोपीय वैद्यकी जळूत अशा ३२ गाठी असून त्यांपैकी चार डोक्याशी व सात शेपटीशी एकवटलेल्या, आणि २१ मध्ये माळेप्रमाणे ओवलेल्या असतात.

गांडुळाच्या अंगावरील राठ, आखूड रोम जळूला नसतात. त्यांच्या ऐवजी तिला दोन चूषके असतात, एक तोंडाभोवती व दुसरे शेपटीकडे. पुढचे चूषक टेकवून मागचे जवळ ओढावयाचे व मग पुढचे सोडून शरीर लांबवावयाचे, ही तिची चाल सर्वांनी पाहिलेली आहे. जळू हे नाव शास्त्रीय अर्थाने वापरावयाचे झाल्यास या रचनेवरून वापरावे लागते, रक्तपानावरून नव्हे.

रचना समान असली तरी आयुष्यक्रमात विलक्षण विविधता आहे. समुद्रातील काही जळवा माशांच्या अंगावर, तर काही कासवांच्या अंगावर राहतात. कासवावरील जळवांच्या कडेला फांद्यांसारखे कल्ले असतात. गोड्या पाण्यातील चपट्या जळवा आपली अंडी व पिले पोटाखाली धरून वाढवितात. अॅमेझॉनच्या प्रदेशातील 'हेमेंटेरिया घिलियानी' ही प्रचंड जळू ४५ सेंटिमीटरपर्यंत लांब होते. तिला दात नाहीत. लांब सोंड कातडीत खुपसून ती रक्त ओढते. आशियातील 'डायनॉब्डेला फेरॉक्स' ही पाणी पिणाऱ्या जनावराच्या नाकात शिरून तेथे मुक्काम करते. कोयनेच्या वा आंबोलीच्या रानात पायाला लागणाऱ्या जळवा 'हीमॅडिप्सा' या प्रजातीच्या असून त्यांचे आयुष्य तळ्यात नव्हे, तर ओल्या पाचोळ्यात जाते. आणि 'अर्पॉब्डेला' प्रजातीच्या जळवांना ना सोंड, ना दात. त्या लहान अळ्या व किडे सबंध गिळतात.

४. रूपावरून वर्गवारी आणि एका नावाची हकीकत

१७५८ साली लिनीअसने सर्व जळवांना 'हिरुडो' या एकाच प्रजातीत घातले, आणि औषधी जळूला 'हिरुडो मेडिसिनॅलिस' असे नाव दिले. दुसऱ्या एका मोठ्या जळूला त्याने 'सांग्विसुगा' हे विशेषण लावले. आज तिचे नाव 'हीमॉपिस सांग्विसुगा' असे असून व्यवहारात तिला घोडजळू म्हणता येईल. नावाने ती रक्तशोषक. प्रत्यक्षात तिचे दात बोथट असून ती गांडुळे व गोगलगाई खाते. प्लिनीच्या काळी लोकांनी अनुभवावरून घडविलेला शब्द शास्त्राने अशा रीतीने नेमका चुकीच्या प्राण्यास चिकटविला.

पुढे प्रजातींची संख्या वाढत गेली आणि जळवांचे दोन मोठे गण मानण्यात आले. ज्यांना सोंड आहे त्यांचा एक व ज्यांना नाही त्यांचा दुसरा. दुसऱ्या गणात दंतयुक्त जबड्यांच्या व जबडे नसलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या जळवा आल्या. ही विभागणी शतकाहून अधिक काळ पाठ्यपुस्तकांत स्थिर होती.

याच काळात औषधी जळूच्या बाबतीत एक शिकण्यासारखी घटना घडली. १८२० साली जाचिंतो कारेना या इटालियन निसर्गशास्त्रज्ञाने तूरिन येथील विज्ञान अकादमीच्या वृत्तान्तात जळवांवर एक प्रबंध प्रसिद्ध केला. त्यात त्याने 'हिरुडो व्हर्बाना' ही एक निराळी जाती वर्णिली. व्हर्बानुस हे माज्जोरे सरोवराचे लॅटिन नाव. त्यावरून हे विशेषण आलेले आहे. 'मेडिसिनॅलिस'च्या पोटावर अनियमित काळे ठिपके असतात, तर 'व्हर्बाना'चे पोट एकसारखे हिरवट असून दोन्ही कडांना काळी रेघ असते. भेद लहान, पण निश्चित होता.

हा कारेना पुढे प्राणिशास्त्रापेक्षा कोशकार म्हणून अधिक प्रसिद्धीस आला. घरगुती वस्तू, कारागिरी व निरनिराळे धंदे यांतील शब्दांचा त्याने केलेला संग्रह १८४६ पासून प्रकाशित होऊ लागला. त्यालाच उद्देशून मांझोनीने १८४७ साली इटालियन भाषेविषयीचे आपले विख्यात पत्र लिहिले. दोन वस्तू सारख्या दिसत असल्या तरी त्यांना दोन नावे असल्यास त्या भेदाला कारण असले पाहिजे, ही कोशकाराची सवय त्याच्या जळवांवरील प्रबंधातही दिसते.

परंतु शास्त्राने तो भेद टिकविला नाही. पुढील अभ्यासकांनी 'व्हर्बाना' ही केवळ रंगाची छटा मानली आणि ते नाव 'मेडिसिनॅलिस'मध्ये विलीन झाले. त्या काळी युरोपात जळवांचा व्यापार भरभराटीस आला होता. ब्रूसे या फ्रेंच वैद्याच्या मतप्रणालीमुळे जवळजवळ प्रत्येक दुखण्यावर जळवा लावण्याची प्रथा पडली होती, आणि १८३३ या एका वर्षी फ्रान्सने चार कोटींहून अधिक जळवा आयात केल्या. पश्चिम युरोपातील दलदली रिकाम्या झाल्यावर पूर्वेकडून माल येऊ लागला. पूर्वेकडून व दक्षिणेकडून येणाऱ्या या जळवांत 'व्हर्बाना' पुष्कळ होत्या. बरणीवरचे नाव मात्र 'मेडिसिनॅलिस' हेच राहिले.

विसाव्या शतकात या नावाचे वजन आणखी वाढले. जळूच्या लाळेत रक्त गोठू न देणारे द्रव्य असते हे हेक्राफ्टने १८८४ साली दाखविले होते. त्याला 'हिरुडो'वरूनच 'हिरुडिन' हे नाव मिळाले आणि १९५० नंतरच्या दशकात मार्कवार्ट याने ते शुद्ध स्वरूपात वेगळे केले. १९६० साली स्लोव्हेनियातील शल्यवैद्यांनी कलम केलेल्या त्वचेत साचणारे रक्त काढण्यासाठी जळवा लावल्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. तुटलेले बोट पुन्हा जोडताना रोहिणी शिवता येते, पण नीला फार बारीक असल्यामुळे रक्त आत येते व परत जात नाही. अशा वेळी जळू ते रक्त ओढते, व ती गळून पडल्यावरही तिच्या लाळेमुळे जखम काही तास पाझरत राहते. तेवढ्या अवधीत नव्या रक्तवाहिन्या फुटण्यास वेळ मिळतो. पुढे २००४ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अशा उपचारासाठी जळवांच्या विक्रीस संमती दिली ती 'हिरुडो मेडिसिनॅलिस' या नावाने. त्यापूर्वी १९८७ साली संकटग्रस्त जीवांच्या व्यापारावर निर्बंध घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत जळूचा समावेश झाला होता, तोही याच नावाने.

२००५ साली त्रोंतेल व उतेव्स्की यांनी, आणि २००७ साली सिडल व त्याच्या सहकाऱ्यांनी, जळवांच्या डीएनएची तुलना प्रसिद्ध केली. तिचा निष्कर्ष असा की, कारेनाची 'व्हर्बाना' ही खरोखरच स्वतंत्र जाती आहे आणि बाजारात 'मेडिसिनॅलिस' म्हणून विकल्या जाणाऱ्या जळवा प्रत्यक्षात 'व्हर्बाना' आहेत. याचे परिणाम तीन प्रकारचे होते. ज्या प्रयोगांत जळूची जात नावावरून गृहीत धरली होती, त्यांतील कित्येक प्रयोग नेमके कोणत्या जातीवर झाले हे अनिश्चित झाले. रुग्णांसाठी जिला संमती मिळाली ती एक आणि जी वापरली जात होती ती दुसरी, असे ठरले. आणि कराराचे संरक्षण जिला नावाने मिळाले होते तिच्याऐवजी जी रानातून पकडली जात होती, ती जात यादीबाहेरच राहिली होती. पुढे त्या यादीत 'व्हर्बाना'चाही समावेश करण्यात आला. तथापि १८२० साली केलेला एक भेद मान्य होण्यास १८५ वर्षे लागली, आणि तेवढा काळ एका जातीच्या नावावर दुसरीचा व्यवहार चालला.

५. कुलावरून वर्गवारी

येथपर्यंतची हकीकत वाचून असे वाटण्याचा संभव आहे की, रूप बारकाईने पाहिले असता सर्व प्रश्न सुटतात. तसे नाही. रूपसाम्य दोन प्रकारचे असते, आणि त्यांतला फरक डोळ्यांना दिसत नाही. भाषांच्या तुलनेत ही गोष्ट पूर्वीच ध्यानात आलेली होती. फारसी 'बद' आणि इंग्रजी 'बॅड' यांचा अर्थ एक आहे, ध्वनीही जवळचे आहेत, पण या शब्दांचा परस्परांशी कोणताही वंशसंबंध नाही. उलट संस्कृत 'चक्र' आणि इंग्रजी 'व्हील' यांत ऐकताना काहीही साम्य भासत नाही, तरी ते एकाच मूळ शब्दाचे वंशज आहेत.

याहून सूक्ष्म मुद्दा असा की, खरे व वारशाने आलेले साम्यदेखील नेहमी जवळीक सिद्ध करीत नाही. मराठीत तीन लिंगे आहेत व गुजरातीतही तीन आहेत. एवढ्यावरून या दोन भाषांची एक स्वतंत्र शाखा मानता येत नाही, कारण तीन लिंगे ही संस्कृतापासून आलेली जुनी ठेव आहे. ती दोघींनी केवळ जपून ठेवली. तसेच बंगालीने व्याकरणिक लिंग टाकले व फारसीनेही टाकले. म्हणून त्या सख्ख्या बहिणी ठरत नाहीत. टाकण्याची क्रिया दोन ठिकाणी स्वतंत्रपणे घडू शकते. शाखा सिद्ध होते ती दोघींनी मिळून केलेल्या नव्या बदलाने. हे तत्त्व भाषांच्या बाबतीत ब्रुगमानने १८८४ साली मांडले, आणि प्राण्यांच्या बाबतीत विली हेनिगने १९५० साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात ते पद्धतशीर रीतीने प्रतिपादिले.

हे तत्त्व जळवांना लावले असता जुनी चौकट ठिकठिकाणी मोडते. पहिला प्रश्न सोंडेचा. डीएनएच्या तुलनेवरून असे दिसते की, सोंड ही खऱ्या जळवांच्या आद्य पूर्वजाचीच ठेव असावी. काही शाखांनी ती जपली व एका शाखेने ती टाकली. तेव्हा सोंड असलेल्या सर्व जळवांचा एक गण करणे म्हणजे तीन लिंगे राखणाऱ्या सर्व भाषांची एक शाखा करण्यासारखे होय. २०१८ साली टेसलर व त्याच्या सहकाऱ्यांनी याच कारणास्तव तो जुना गण मोडीत काढावा असे सुचविले. समुद्रातील मासे व कासवे यांवर राहणाऱ्या सोंडेच्या जळवा आणि गोड्या पाण्यातील चपट्या जळवा यांना त्यांनी निरनिराळे गण दिले.

दुसरा प्रश्न रक्तपानाचा. घोडजळू व किडे गिळणारी 'अर्पॉब्डेला' या रक्त पीत नाहीत. परंतु वंशवृक्षात त्या ज्या ठिकाणी बसतात ते पाहता त्यांचे पूर्वज रक्त पिणारे होते, असे अनुमान निघते. म्हणजे रक्तपान ही सवय निरनिराळ्या शाखांनी स्वतंत्रपणे टाकलेली आहे. चीनच्या पारंपरिक वैद्यकात वापरली जाणारी 'व्हिटमॅनिया पिग्रा' ही अशीच रक्त न पिणारी जळू आहे. तरीही तिच्यात हिरुडिनच्या कुळातील द्रव्यांची जनुके सापडलेली आहेत. लेखनात राहून गेलेले पण उच्चारातून नाहीसे झालेले अक्षर जसे शब्दाचा पूर्वेतिहास सांगते, तद्वत् ही जनुके त्या प्राण्याचा पूर्वेतिहास सांगतात.

तिसरा प्रश्न खुद्द 'वैद्यकी जळू' या कल्पनेचा. युरोपातील 'हिरुडो', भारतातील 'हिरुडिनेरिया', उत्तर अमेरिकेतील 'मॅक्रॉब्डेला' आणि मेक्सिकोतील 'हेमेंटेरिया ऑफिसिनॅलिस' या चारही जळवा वैद्यकात वापरल्या गेल्या. पैकी पहिल्या तिघी जबड्याच्या आहेत, तरी 'मॅक्रॉब्डेला'चे कुल निराळे आहे. चौथी तर सोंडेची असून ती निराळ्याच गणातील आहे. तिच्या लाळेतील 'अँटिस्टॅसिन' हे द्रव्य रक्त गोठण्याच्या साखळीतील दहाव्या घटकास अडविते, तर हिरुडिन त्याच साखळीत पुढे येणाऱ्या थ्रॉम्बिनला अडविते. एकच कार्य दोन निराळ्या वंशांनी दोन निराळ्या उपायांनी साधलेले आहे. सारांश, 'वैद्यकी जळू' हे कुळाचे नाव नसून धंद्याचे नाव आहे. एका गावच्या सुताराचा दुसऱ्या गावच्या सुताराशी रक्तसंबंध असलाच पाहिजे असे नाही, तसेच हे आहे.

वंशवृक्षाच्या बुंध्याशी असलेल्या दोन समूहांचाही येथे निर्देश करणे अवश्य आहे. उत्तरेकडील थंड पाण्यातील माशांवर राहणारी 'अकँथॉब्डेला पेलेडिना' १८५१ साली ग्रूबेने वर्णिली. तिला मागचे चूषक आहे, पण पुढचे पूर्ण बनलेले नाही. आणि तिच्या पुढील पाच खंडांवर गांडुळासारखे रोम आहेत. दुसरा समूह गोड्या पाण्यातील झिंगेवर्गीय प्राण्यांच्या अंगावर राहणाऱ्या, १५ खंडांच्या सूक्ष्म कृमींचा. हे दोन्ही समूह खऱ्या जळवांचे सर्वांत निकटचे आप्त मानले जातात. रोम गळत गेले, खंडांची संख्या ठरून गेली, आणि चूषके एकामागून एक तयार झाली, असा क्रम त्यांच्यावरून कल्पिता येतो.

६. काळाचा प्रश्न

जळूचे शरीर मऊ असल्यामुळे तिचे जीवाश्म फार दुर्मिळ आहेत. तिचे कोश मात्र चिवट असतात. अंटार्क्टिकामध्ये सुमारे २० कोटी वर्षांपूर्वीच्या खडकात मिळालेल्या अशा एका कोशाचे वर्णन २०१२ साली प्रसिद्ध झाले. कोश घट्ट होण्यापूर्वी त्यात अडकलेला एक एकपेशीय जीवही त्यात टिकून राहिलेला होता. डीएनएमधील भेदांवरून केलेली जळवांच्या उत्पत्तीची गणनाही साधारणतः त्याच काळाच्या आसपास येत होती.

२०२५ साली या समजुतीला धक्का बसला. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात, वॉकेशा येथील सिल्युरियन काळाच्या थरात मिळालेल्या एका प्राण्याचे 'मॅक्रोमायझॉन सिल्युरिकस' या नावाने वर्णन करण्यात आले. त्याचे वय ४३ कोटी वर्षांच्या घरात आहे. त्याला वळ्यांचे शरीर व मोठे मागचे चूषक दिसते. पुढच्या चूषकाचा मागमूस नाही. ते समुद्रात राहणारे होते, आणि त्या काळी पृष्ठवंशी प्राणी जमिनीवर आलेले नव्हते. रक्त पिण्यासाठी लागणारी साधने त्याच्याजवळ असल्याचे दिसत नाही. ही ओळख टिकून राहिल्यास जळवांचा उगम सुमारे २० कोटी वर्षे मागे जातो, आणि या वंशाचा आरंभ रक्तपानाने झाला नाही असे मानावे लागते. 'अकँथॉब्डेला'च्या रचनेवरून मागचे चूषक आधीचे असावे असे जे अनुमान निघत होते, त्यालाही या जीवाश्मामुळे पुष्टी मिळते.

७. भारतीय संदर्भ

भारतातील जळवांचा पाया घालणारा ग्रंथ हार्डिंग व मूर यांचा असून तो ब्रिटिश भारताच्या प्राणिसृष्टीवरील मालेत १९२७ साली प्रसिद्ध झाला. त्यानंतर १९४१ साली भाटिया यांनी गुराढोरांच्या जळूवर, म्हणजे 'हिरुडिनेरिया'वर, लिहिलेला प्रबंध विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांनी अभ्यासिला. असे असूनही जळवांच्या उपचाराविषयी येथे होणाऱ्या लेखनात 'हिरुडो मेडिसिनॅलिस' हे नाव वारंवार येते. ती जात मूळची युरोपातील आहे. येथील तळ्यांतून पकडून रुग्णास लावली जाणारी जळू सामान्यतः 'हिरुडिनेरिया' असते, आणि तिच्यात एकाहून अधिक प्रकारची हिरुडिने आढळलेली आहेत. एका जळूच्या लाळेविषयी मिळालेले ज्ञान दुसरीच्या नावावर जमा केल्यास युरोपात जे घडले त्याचीच येथे पुनरावृत्ती होईल.

तेव्हा तिन्ही वर्गवाऱ्या आपापल्या जागी ठेवणे हाच मार्ग आहे. सुश्रुताची सविष-निर्विष ही विभागणी वैद्याच्या अनुभवाचा दस्तऐवज म्हणून मोलाची आहे. रंग, रेषा व ठिपके यांवरून केलेली विभागणी प्राण्याची प्रथम ओळख पटविण्यास उपयोगी आहे. कुलावरून केलेली विभागणी मात्र एका जातीविषयी कळलेले दुसरीला कितपत लागू पडेल, हे सांगू शकते. आणि उपचार, प्रयोग व संरक्षण या तिन्ही ठिकाणी प्रश्न नेमका तोच असतो.

यात भाषेच्या अभ्यासकालाही काम आहे. सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना राहणारे गुराखी, कोळी व जळवा लावणारे वैद्य या प्राण्यांत कोणते भेद करतात व त्यांना कोणते शब्द योजतात, याचा पद्धतशीर संग्रह होणे अगत्याचे आहे. प्रत्येक शब्दाबरोबर तो ज्या प्राण्याला लावला जातो त्याचा नमुनाही जपून ठेवला, तर तो संग्रह कोशकार व प्राणिशास्त्रज्ञ या दोघांच्याही कामी येईल. व्हर्बानुस सरोवराच्या काठची जळू निराळी आहे, हे प्रथम नोंदविणारा मनुष्य पुढे कोशकार झाला, ही गोष्ट अशा संग्रहाच्या उपयुक्ततेची चांगली साक्ष आहे.